ही जुनी बीच कॅटामरान नक्की कुठली? ओळखायला मदत हवी

भरती_ओहोटी
नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एका गृहस्थांनी जागा रिकामी करताना एक जुनी शिडाची कॅटामरान मला देऊन टाकली. "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल" एवढ्यावर व्यवहार आटोपला. कागदपत्रं नाहीत. त्यांनाही ती कुणाकडून तरी अशीच मिळालेली. कुठल्या कंपनीची विचारलं तर म्हणाले, "दोन नळकांड्यांची."

फोटो चढवायचा प्रयत्न केला, पण 'फाइल मोठी आहे' म्हणून साइट परत पाठवतेय. तोवर शब्दांत सांगतो. दोन्ही हल (पाण्यावर तरंगणारे होडीचे दोन लांबट भाग) फायबरग्लासचे. वरून कुणीतरी ब्रशने पांढरा रंग फासलाय, खरवडलं की खालून पिवळा डोकावतो. मध्ये दोन अ‍ॅल्युमिनियमचे आडवे बीम. ट्रॅम्पोलिन, म्हणजे दोन हलांमधलं बसायचं ताणलेलं कापड, कुजून गेलंय, खोबणीत फक्त चिंध्या उरल्यात. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, एकसंध. शिडं दोन. मोठ्यात आरपार पट्ट्या, पण कंपनीचं चिन्ह नाही. नंबर होता, तो उसवून काढलाय. सुकाणू दोन, आडव्या दांडीने जोडलेली. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेची आडवी दांडी, मात्र हरवली आहे. त्यांच्याकडे माळ्यापासून मोरीपर्यंत सगळं शोधून झालं.

मला कंपनी, मॉडेल आणि जमल्यास अंदाजे साल हवंय. हौस म्हणून नाही, एका सुकाणूची पिन आणि डोलकाठीच्या बुडाचा तुकडा बदलायचाय. नाव कळल्याशिवाय कोणी उभं करत नाही.

गलबत
होबी १६. पुढचा प्रश्न?

उगाच_काहीतरी
गलबतरावांना आगबोट दाखवली तरी होबी १६ म्हणतील.

गलबत
हसा लेको. १९७१ च्या सुमारास बाजारात आली, लाखाच्या वर बनल्या आणि अजून बनताहेत. न पाहिलेल्या जुन्या बीच कॅटवर डोळे मिटून पैज लावायची तर माणूस दुसऱ्या कशावर लावेल?

लाटालहरी
डोळे मिटायची गरज नाही, बोट समोर आहे. भरती_ओहोटी, एवढं पाहून सांगा:

ट्रॅम्पोलिनची चौकट हलच्या डेकला टेकलेली आहे की चार खांबांवर उचललेली? होबी १४ आणि १६ मध्ये प्रत्येक हलमधून दोन-दोन खांब वर येतात आणि चौकट त्यांच्यावर बसते. लांबून बघणाऱ्यालाही चुकत नाही.

मग पुढे जाऊन नाळेकडून एक डोळा बंद करून प्रत्येक हल पाहा. दोन्ही बाजूंचा फुगवटा सारखा आहे का? होबी १६ चा हल बाहेरून चपटा आणि आतून फुगीर असतो. त्यात डॅगरबोर्ड (हलमधून खाली पाण्यात सरकवायची उभी फळी) नसतो, बोट वाऱ्याने आडवी घसरू नये याचं काम हलचा हा तिरका आकारच करतो. वारा भरला की पलीकडचा हल दाबला जातो आणि त्याची आतली फुगीर बाजू विमानाच्या पंखासारखी वाऱ्याच्या दिशेने ओढते.

तिसरं, हलमध्ये वरून खालपर्यंत आरपार फट आहे का? असेल तर डॅगरबोर्डवाली बोट.

आणि टेप लावा. लांबी, रुंदी, डोलकाठीची उंची. "साधारण सोळा फूट" असं नको, इंचापर्यंत.

नांगर
टेपच्या आधी हातात चिंधी आणि थिनर घ्या. उजव्या हलच्या मागच्या उभ्या भागावर, वरच्या कोपऱ्यात रंग हळूच पुसा. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनणाऱ्या किंवा तिथे आणल्या जाणाऱ्या होड्यांवर बारा अक्षरी क्रमांक घालणं बंधनकारक झालं. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. होबीवर 'सीसीएम' दिसतं, म्हणजे कोस्ट कॅटामरान, होबी बनवणारी मूळ कंपनी.

शेवटच्या चार अक्षरांत तारीख असते, आणि तिथे लोक हटकून फसतात. १९८४ पर्यंत दोन पद्धती चालायच्या. एकीत सरळ महिना आणि वर्ष. दुसरीत आधी 'एम', मग मॉडेलचं वर्ष, मग महिन्याचं अक्षर. पण हे मॉडेलवर्ष ऑगस्टला सुरू होतं, त्यामुळे 'ए' म्हणजे ऑगस्ट. 'एम८०डी' दिसलं तर बोट १९८० च्या एप्रिलची नव्हे, नोव्हेंबर १९७९ ची.

टंकाळा
नांगरशेठ, हे असलं तुम्ही झोपेत पण सांगता का?

नांगर
झोपेत फक्त 'क्यू' कुठे येत नाही ते सांगतो. अनुक्रमांकात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' वापरत नाहीत, एक-शून्याशी गल्लत होते म्हणून.

फायबरकाका
ओळखपाळख नंतर. आधी ती वाचण्यासारखी आहे का ते पाहा, नाहीतर बारसं करून लगेच तेरावं घालायचं.

जुन्या बीच कॅटचे हल बहुतेक सँडविच असतात, म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये फोम. वर्षानुवर्षं ऊन आणि पाणी खाऊन थर फोमपासून सुटतो. बाहेरून काही कळत नाही. एक नाणं घ्या आणि हलच्या डेकवर वीतभर अंतराने टकटक करत पुढून मागे या. चांगल्या जागी आवाज कडक येतो. सुटलेल्या जागी तोच बोदा, मेल्यासारखा. तिथे अंगठ्याने दाबलं तर डेक किंचित आत जाऊन परत वर येतं. अशा जागांना पेन्सिलीने गोल करा. बीमच्या पुढे आणि माणूस जिथे टेकतो तिथे जास्त सापडतील.

छोटी जागा असेल तर बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी भरता येतं. अर्धा हल मऊ असेल तर माझं ऐका, शिडं आणि डोलकाठी काढून घ्या आणि हलला नमस्कार करा.

गळती बघायची तर मागच्या बुचाच्या भोकाला नळी लावून तोंडाने फुंका आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावू नका. हवेच्या दाबाने शिवण उकलते आणि नसलेली गळती तयार होते.

भरती_ओहोटी
सगळ्यांचे आभार. टेप, टॉर्च, चिंधी, नाणं, सगळं करून आलो.

खांब नाहीत. बीम थेट हलमध्येच शिरलेत. गंमत म्हणजे बीम हलला धरून ठेवणारे मोठे बोल्ट कुठे दिसत नाहीत. हल समोरून दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, निदान माझ्या डोळ्याला. डॅगरबोर्डची फट नाही. पण हल पालथा केल्यावर तळाला, मध्याच्या थोडं मागे, एक लांबट उथळ पंख दिसला. डागडुजी केल्यासारखा, पण दोन्ही हलना तंतोतंत त्याच जागी आहे.

लांबी १८ फूट, फार तर अर्धा इंच इकडेतिकडे. रुंदी साडेसात फूट. मागच्या कोपऱ्यात क्रमांक नाही. रंग पूर्ण काढला, खाली स्वच्छ जेलकोट (फायबरग्लासवरचा मूळ गुळगुळीत थर) आहे.

काका, डाव्या हलवर पुढच्या बीमजवळ तळहाताएवढी जागा बोदी वाजते. बाकी कडक.

गलबत
१८ फूट? मग होबी १८.

लाटालहरी
होबी १८ ला डॅगरबोर्ड असतात. फट नाही म्हणजे ती बाद. होबी १६ सुद्धा बाद: खांब नाहीत, हल तिरके नाहीत. तिची खरी लांबीही १६ फूट ७ इंच आहे, बरं का. नावातल्या आकड्यावर विसंबायचं नाही. होबी १४ तर १३ फूट ११ इंचांची.

खारा_वारा
आणि नाक्रावाले आकडा मीटरमध्ये लिहितात. नाक्रा ५.२ म्हणजे १७ फुटांची. तिला डॅगरबोर्डही असतात, तेव्हा तीही नाही.

माझं मत प्रिंडल १८. लांबी जुळते, खांब नाहीत, बोर्ड नाहीत. जुन्या प्रिंडल कॅलिफोर्नियातल्याच, होबीच्या मागोमाग आलेल्या. हल जरा भरदार असतात.

टंकाळा
टॉर्नेडो का नको? ऑलिंपिकवाली! कल्पना करा, माळ्यावर ऑलिंपिकची बोट.

दर्यावर्दी
टॉर्नेडो २० फूट लांब आणि १० फूट रुंद. साडेसात फुटांची टॉर्नेडो म्हणजे धुतल्यावर आटलेली दिसतेय. ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून २००८ पर्यंत होती, तेवढं मात्र खरं.

खारा_वारा
प्रिंडल १८ वर कोणी बोललं नाही.

लाटालहरी
बोलते. जुन्या प्रिंडल १८ चे हलही होबीसारखे एका बाजूने चपटे असतात, आणि रुंदी जवळजवळ आठ फूट. भरती_ओहोटींची बोट समान फुगवट्याची, अरुंद आणि तळाला पंख असलेली. हे तिन्ही एकदम चुकीचं मोजलं असेल तर प्रिंडल.

शिवाय क्रमांक नाही. १९७२ नंतरची अमेरिकन बोट असती तर जेलकोटवर काहीतरी कोरलेलं सापडलं असतं. ती त्याच्या आधीची असू शकते, मागचा भाग कोणी नवा बसवलेला असू शकतो, किंवा ती मुळात अमेरिकन नाहीच. युरोपात असा क्रमांक सक्तीचा व्हायला १९९८ उजाडलं.

खारा_वारा
टेप खेचून धरली होती का ते विचारा आधी. मी प्रिंडलवर ठाम आहे.

दर्यावर्दी
मला एकच शंका सकाळपासून छळतेय. बूम हरवली, हे कशावरून?

भरती_ओहोटी
म्हणजे? नाहीये ना. सगळीकडे शोधली.

दर्यावर्दी
नाहीये हे मान्य. पण होती हे कोणी सांगितलं?

डोलकाठीच्या खालच्या भागात, डेकपासून हातभर वर, मागच्या बाजूला पाहा. बूम असलेल्या बोटीत तिथे बिजागरीसारखा सांधा असतो. सांधा काढून टाकला असेल तर रिव्हेटची भोकं तरी राहतात. मग मोठ्या शिडाचा मागचा खालचा कोपरा बघा. बूम नसलेल्या शिडाचा तो कोपरा जाड थरांनी मजबूत केलेला असतो, कारण शिडाची दोरी सगळा जोर थेट तिथेच लावते. आणि मागच्या बीमवर सरकणारी गाडी आहे का?

भरती_ओहोटी
जाऊन पाहिलं. सांधा नाही. भोकं नाहीत, बुजवलेलीही नाहीत, हात फिरवून खात्री केली. शिडाचा तो कोपरा माझ्या बोटाएवढा जाड आहे, कापडाचे थर एकावर एक पंख्यासारखे शिवलेत आणि त्यात स्टीलची कडी. मागच्या बीमवर गाडी आहे, गंजलेली नाही पण अडकलेली.

लाटालहरी
डार्ट १८!

बूम नाही, डॅगरबोर्ड नाही, तळाला उथळ स्केग (तुम्हाला दिसलेला तो पंख), समान हल, १८ फूट लांबी, साडेसात फूट रुंदी. सगळं एका जागी बसतंय. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रॉडनी मार्च यांनी डिझाइन केली. आणि टंकाळा, तुमचा नेम अगदीच चुकला नाही: टॉर्नेडोसुद्धा त्याच रॉडनी मार्च यांची, १९६७ मधली.

टॉर्नेडो बनवली वेगासाठी. डार्टमध्ये त्याच माणसाने कमीत कमी सुटे भाग आणि हत्यारांशिवाय जोडता येणारी बोट असा विचार केला. म्हणून बोल्ट दिसत नाहीत. बीम हलमधल्या खाचांत बसतात. बूमच नाही, म्हणजे वळताना ती कुणाच्या डोक्यात बसण्याचा प्रश्नही मिटला.

टंकाळा
ऑलिंपिकवालीची धाकटी बहीण. चालेल.

गलबत
एक मिनिट. होबी वेव्हलाही बूम नसते. आणि तळाला स्केगही असतात. काय म्हणता?

उगाच_काहीतरी
आले! मी वाटच बघत होतो.

लाटालहरी
गलबतराव, मुद्दा बरोबर आहे, वेव्हला दोन्ही लागू पडतं. पण वेव्ह १३ फुटांची, नव्वदच्या दशकातली आणि साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची. तिला फोम-फायबर नाही, त्यामुळे काकांचं नाणं तिथे बोदं वाजायचा प्रश्नच येत नाही.

फायबरकाका
यावरून आठवलं, हल कशाचा आहे हे ओळखणं हाच सगळ्यात स्वस्त पुरावा आहे आणि कोणी वापरत नाही. हॅचच्या भोकातून हात घालून आतली बाजू चाचपा. खरबरीत आणि धाग्याधाग्यांची लागली तर फायबरग्लास. मेणासारखी गुळगुळीत आणि नखाने ओरखडा उठणारी असेल तर प्लास्टिक. लाकडाची शिवण लागली तर कोणीतरी घरी बनवलेली प्लायवूडची. पेपर टायगर वगैरे बोटींचे आराखडे घेऊन लोकांनी अंगणात पुष्कळ बांधल्या आहेत.

तुमच्या तळहाताएवढ्या जागेची काळजी नको. ती भरता येईल. पण पुढचा बीम जिथे हलमध्ये शिरतो त्या खाचेच्या कडा टॉर्च लावून नीट पाहा. केसासारखी रेघ दिसली तर आधी ती दुरुस्त करा. सगळा भार तिथून जातो.

मौजमस्ती
अवांतर: सगळी चर्चा वाचली, बोटीतलं ओ की ठो कळत नाही, तरी रहस्यकथेसारखी मजा आली. खुनी शेवटी बूमच निघाली, तीही जागेवर नसताना.

खारा_वारा
डार्ट मानू एक वेळ. पण डार्ट १५ पण असते, तिला पुढे स्प्रिंट १५ म्हणायला लागले. ती का नाही?

लाटालहरी
नावाप्रमाणे ती १५ फुटी. तीन फुटांची चूक टेप खेचूनसुद्धा होत नाही. 😀

नांगर
साल राहिलं. शिडाचा नंबर उसवलाय म्हणालात ना? शिड उन्हात दोघांनी ताणून धरा आणि मागून पाहा. उसवलेल्या नंबराच्या शिवणीची भोकं राहतात, आणि त्या जागचं कापड आजूबाजूपेक्षा कमी पिवळं पडलेलं असतं. आकडा वाचता येईल.

पण शिड मूळ त्याच बोटीचं असेल तरच त्याचा उपयोग. जुन्या बोटींची शिडं तीन घरं फिरून आलेली असतात. म्हणून मी ओळख पटवताना शिड शेवटी धरतो: आधी हल, मग बीम, मग डोलकाठी, मग सुकाणूचे धातूचे भाग, आणि मग कापड. लोक नेमकं उलट करतात, शिडावरचं चिन्ह बघून नाव ठरवतात.

भरती_ओहोटी
वाचला! चार आकडी आहे. पहिला ४, दुसरा १, तिसरा ठिगळाखाली गेलाय, शेवटचा ७. मोठ्या आणि छोट्या दोन्ही शिडांना एकाच शिवणकाराचा धागा दिसतोय, त्यामुळे जोडी तरी एकत्रच असावी.

नांगर
उत्तम. डार्ट १८ च्या वर्ग-संघटनेला लिहा. हल, बीम, खाच, स्केग आणि शिडावरची ही भोकं यांचे फोटो पाठवा. तिसऱ्या आकड्याच्या दहाच शक्यता आहेत, त्यांच्याकडे बोटींची यादी असेल तर सालाचा अंदाज मिळेल. आणि 'माझ्याकडे डार्ट आहे' असं लिहू नका, 'ही डार्ट आहे का' असं विचारा. पहिल्या वाक्याला लोक अभिनंदन पाठवतात, दुसऱ्याला माहिती.

दर्यावर्दी
पिन मागवताना जुन्या पिनची जाडी मापकाने मोजा, आणि मधल्या भागात नको, टोकाला. मधला भाग झिजलेला असतो. सुकाणूच्या भोकाची मापंही घ्या. भोक लंबगोल झालं असेल तर नवी पिन घालूनही सुकाणू लुडबुडणारच, तिथे आधी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवावा लागेल.

दुसरं, डोलकाठीला धरणाऱ्या तारा. बोटीचं वय कळलं नसलं तरी तारांचं वय 'फार' एवढं कळलंय. सगळ्या बदला. चिंधी तारेवरून ओढा, जिथे अडकेल तिथे एक धागा तुटलेला आहे. अडकली नाही तरी बदला.

आणि डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. विजेच्या तारा आणि अ‍ॅल्युमिनियमची काठी यांच्या गाठीत माणसं गेली आहेत. होबीने ऐंशीच्या दशकात डोलकाठीचं टोक वीज न वाहणारं करायला घेतलं ते उगाच नाही. जुन्या काठ्यांना ती सोय नसते.

गलबत
बघा, शेवटी होबीचं नाव घ्यावंच लागलं.

भरती_ओहोटी
दर्यावर्दी, टोकाला मोजलं तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक निघाला. भोकही लंबगोल आहे. बुश बसवतो. संघटनेला नांगरशेठनी सांगितलेल्या शब्दांत लिहिलं आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो. शीर्षकात 'डार्ट १८?' घालायची संपादकांना विनंती, प्रश्नचिन्हासकट.

केवडा
धागा आयताच वर आहे म्हणून विचारते. आमच्याकडे एक छोटी दोन हलांची आहे, साधारण १२ फुटी. तिची डोलकाठी एक नाही, दोन नळ्या वर जाऊन एकत्र येतात, इंग्रजी 'ए' सारख्या, आणि शिड त्या दोघींच्या मध्ये लटकतं. ही कुठली?

लाटालहरी
अ‍ॅक्वा कॅट असावी. ती काठी एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. पण मापं घ्या आणि नवा धागा काढा, नाहीतर गलबतराव इथेच...

गलबत
होबी १२.